पासथ्रू केलेलं कार्ड व्हीएममध्ये चालेना: होस्टच्या आयओएमएमयूपासून गेस्टमधल्या व्हीआयओएमएमयूपर्यंत

पासथ्रू म्हणजे खऱ्या मशीनमधलं (होस्टमधलं) एखादं कार्ड त्यावर चालणाऱ्या आभासी मशीनला (व्हीएमला) थेट देणं; व्हीएमच्या आत चालते ती गेस्ट. आयओएमएमयू हा कार्डांच्या मेमरीतल्या ये-जा वर पहारा ठेवणारा हार्डवेअरचा भाग, आणि व्हीआयओएमएमयू म्हणजे गेस्टला दिलेला आभासी आयओएमएमयू. आधी लक्षणं पाहा. यातलं एखादं तुमच्याकडे दिसत असेल तर पुढचं वाचा.

- काल चालणारी व्हीएम आज सुरूच होत नाही. आयओएमएमयू ग्रुप सापडत नाही, किंवा 'ग्रुप इज नॉट व्हायेबल' असा संदेश येतो.
- व्हीएम सुरू होते, आत कार्ड दिसतं, ड्रायव्हरही चढतो, पण एकही पॅकेट जात-येत नाही. होस्टच्या लॉगमध्ये 'डीएमएआर'च्या (एएमडीवर 'आयओ पेज फॉल्ट'च्या) ओळींची रांग लागलेली असते.
- पहिल्या वेळी सगळं ठीक असतं. व्हीएम बंद करून पुन्हा सुरू केली की कार्ड नाहीसं होतं आणि होस्ट रीबूट केल्याशिवाय परत येत नाही.
- गेस्टला व्हीआयओएमएमयू लावला की लगेच 'व्हीएफआयओ मॅप डीएमए फेल्ड' येतं (व्हीएफआयओ म्हणजे कार्ड व्हीएमच्या हाती देणारी लिनक्सची यंत्रणा). सोबत उणे १२, उणे २२ किंवा उणे २८ हा आकडा असतो.
- व्हीआयओएमएमयू लागतो, कार्डही चालतं, पण वेग पार कोसळतो.

इथे आज्ञा आणि संदेश उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिले आहेत. टाइप करताना अर्थातच रोमनमध्ये करायचे.

गोव्यात हा प्रश्न मला सर्वात जास्त पावसाळ्यात आणि चतुर्थीच्या सुट्टीनंतर भेटतो. वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीतलं छोटं युनिट असो, किनाऱ्याकडचं हॉटेल असो की फोंड्यातला एखादा क्लास, मांडणी बहुधा सारखीच असते. एकच मशीन, त्यावर व्हीएम चालवायला प्रॉक्समॉक्स किंवा साधं केव्हीएम. एका व्हीएममध्ये फायरवॉल असते आणि तिला एक अख्खं नेटवर्क कार्ड दिलेलं असतं. अलीकडे त्यात भर पडली आहे ती व्हीएमच्या आत आणखी व्हीएम चालवणाऱ्यांची, आणि डीपीडीकेसारखी (नेटवर्क कार्ड थेट प्रोग्रामच्या हाती देणारी) साधनं गेस्टमध्येच वापरणाऱ्यांची. त्यांना गेस्टच्या आतही आयओएमएमयू हवा असतो, म्हणजे व्हीआयओएमएमयू.

तपासायला बसण्याआधी यंत्रणा थोडक्यात समजून घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. कार्ड मेमरीत थेट लिहितं, त्यात सीपीयू मध्ये पडत नाही. यालाच डीएमए म्हणतात. गेस्टचा ड्रायव्हर कार्डाला पत्ता देतो तो गेस्टच्या समजुतीतला, आणि खऱ्या रॅममध्ये त्या पत्त्यावर दुसरंच काही असतं. बारा नंबरचं घर प्रत्येक वाड्यावर असतं; पत्र कुठल्या वाड्यावरचं हे पोस्टमनला माहीत असावं लागतं. आयओएमएमयू हे काम करतो. गेस्टचा पत्ता घेऊन तो होस्टचा खरा पत्ता काढतो, आणि नोंद सापडली नाही तर कार्डाला तिथेच अडवतो. लॉगमधल्या त्या 'फॉल्ट'च्या ओळी या अडवणुकीच्या असतात. व्हीआयओएमएमयू आला की पत्ते दोनदा बदलावे लागतात. गेस्टचा कर्नल त्याचा नकाशा ठेवतो आणि क्यूईएमयू (व्हीएम चालवणारा प्रोग्राम) तो वाचून होस्टच्या नकाशात उतरवतं. बिघाड नेमका कुठल्या थरात आहे, हे ठरल्याशिवाय एकही सेटिंग बदलू नका. दोन्ही थरांत एकदम हात घातला की मूळ दोष झाकला जातो आणि पुढच्या पावसात पुन्हा वर येतो.

थर ओळखायला पाच मिनिटं पुरतात. गेस्टमधला व्हीआयओएमएमयू काढा आणि व्हीएम साध्या पासथ्रूवर सुरू करा. कार्ड चाललं तर होस्ट ठीक आहे, खाली 'व्हीआयओएमएमयूचा थर' या भागाकडे जा. नाही चाललं तर व्हीआयओएमएमयू विसरा आणि पहिल्या तपासणीपासून सुरुवात करा.

तपासणी १: बायोस आणि तो छोटा सेल

खर्च जवळजवळ शून्य, आणि 'काल चालत होतं' या तक्रारीचं उत्तर बहुतेक वेळा इथेच सापडतं. मदरबोर्डवर सीआर २०३२ नावाचा ३ व्होल्टचा नाण्याएवढा सेल असतो. मशीनला वीज असेपर्यंत त्याच्यावर भार नसतो. सुट्टीत मशीन पूर्ण बंद राहिलं किंवा पावसात वीज तासन्‌तास गेली की जुना सेल दम तोडतो. बऱ्याच बोर्डांवर मग बायोस मूळ सेटिंगवर परत जातो, आणि मूळ सेटिंगमध्ये आयओएमएमयू अनेकदा बंद असतो. ओळखायची सोपी खूण म्हणजे बायोसमधली तारीख. ती मागे गेलेली दिसली तर आधी सेल बदला आणि मगच सेटिंग लावा, नाहीतर तेच काम पुन्हा करावं लागेल.

इंटेलच्या बोर्डावर 'व्हीटी-डी' चालू हवा. 'व्हीटी-एक्स' ही वेगळी गोष्ट आहे. तो सीपीयूसाठी असतो आणि त्याच्या जोरावर व्हीएम चालतात, त्यामुळे व्हीएम चालतेय म्हणजे व्हीटी-डीही चालू असणार, असं लोक धरून चालतात. तसं नसतं. एएमडीवर 'एसव्हीएम' सीपीयूसाठी आणि 'आयओएमएमयू' उपकरणांसाठी. तिथे 'ऑटो' लिहिलेलं असेल तर ते 'एनेबल्ड' करा, कारण काही बोर्डांवर ऑटोचा अर्थ बंद असाच निघतो.

तपासणी २: कर्नलला आयओएमएमयू खरंच मिळाला का

इंटेलवर कर्नलच्या ओळीत 'इंटेल आयओएमएमयू ऑन' लागतं (काही वितरणांत ते आधीपासून चालू असतं). एएमडीवर बायोसमध्ये चालू असेल तर कर्नल स्वतःच उचलतो.

इथे एक ओळ हमखास फसवते. डीमेसेजमध्ये (कर्नलच्या लॉगमध्ये) 'डीएमएआर: आयओएमएमयू एनेबल्ड' दिसलं की लोक निर्धास्त होतात. ती ओळ कर्नलने तुमचं पॅरामीटर वाचलं एवढंच सांगते. बायोसमध्ये व्हीटी-डी बंद असतानाही ती छापली जाते. खरा पुरावा 'सिस' खालच्या 'कर्नल' डिरेक्टरीत, 'आयओएमएमयू ग्रुप्स'मध्ये मिळतो. तिथे आकड्यांचे फोल्डर असले तर आयओएमएमयू जागा आहे, आणि ते रिकामं असलं तर डीमेसेज काहीही म्हणो, आयओएमएमयू नाही.

पॅरामीटर लिहूनही उपयोग झाला नाही, तर 'प्रॉक'मधली 'सीएमडीलाइन' फाइल वाचून ते प्रत्यक्षात पोचलं का ते बघा. प्रॉक्समॉक्स झेडएफएस फाइल-प्रणालीवर, यूईएफआय पद्धतीने बसवलेलं असेल तर बूट ग्रब या नेहमीच्या बूटलोडरमधून होत नसण्याची शक्यता मोठी आहे. तिथे सिस्टमडी-बूट असतं आणि ओळ 'ईटीसी'तल्या 'कर्नल' फोल्डरमधल्या 'सीएमडीलाइन' फाइलीत लिहावी लागते. ग्रबची फाइल कितीही वेळा बदलली तरी फरक पडत नाही.

तपासणी ३: कार्डाचा पत्ता सरकला का

मशीनमध्ये नवीन एनव्हीएमई डिस्क लावली, एखादं कार्ड एका स्लॉटमधून दुसऱ्यात हलवलं किंवा बायोस अपडेट केलं की पीसीआयचे बस क्रमांक बदलू शकतात. व्हीएमच्या सेटिंगमध्ये जुनाच पत्ता राहतो आणि त्या पत्त्यावर आता भलतंच उपकरण असतं. एलएसपीसीआय या आज्ञेने मिळणारी उपकरणांची यादी आणि व्हीएमचं कॉन्फिगरेशन शेजारी ठेवून ताडून पाहा. हे मी गंभीरपणे सांगतोय: जुन्या पत्त्यावर आता होस्टचाच डिस्क कंट्रोलर आला असेल, तर व्हीएम सुरू करताच होस्टच्या पायाखालची डिस्क निघून जाईल. म्हणून अशा बदलानंतर व्हीएम आपोआप सुरू होण्याची सोय आधी बंद करा.

तपासणी ४: कार्ड कुणाच्या ताब्यात आहे

एलएसपीसीआयला '-एनएनके' लावून बघा. 'कर्नल ड्रायव्हर इन यूज'समोर 'व्हीएफआयओ-पीसीआय' हवं. तिथे कार्डाचा नेहमीचा ड्रायव्हर असेल तर होस्टने ते आधी पकडलं आहे. कर्नल अपडेटनंतर हे बरेचदा होतं, कारण नव्या इनिटरामएफएसमध्ये (बूटच्या सुरुवातीला लागणाऱ्या फाइलींच्या गठ्ठ्यात) तुमचं मॉड्यूलचं सेटिंग गेलेलं नसतं. ते पुन्हा बनवा आणि रीबूट करा.

एकसारखी दोन कार्डं असली की एक अडचण येते. व्हीएफआयओला विक्रेता-उपकरण आयडी दिला तर तो दोन्ही कार्डं उचलतो, आणि होस्टचं स्वतःचं नेटवर्कही जातं. अशा वेळी आयडीऐवजी पीसीआय पत्त्यावरून ड्रायव्हर ठरवा. 'ड्रायव्हर ओव्हरराइड' किंवा 'ड्रायव्हरसीटीएल' हे काम नीट करतात.

तपासणी ५: ग्रुप

'ग्रुप इज नॉट व्हायेबल' या संदेशाचा अर्थ असा, की तुमच्या कार्डाच्या ग्रुपमध्ये आणखी एखादं उपकरण आहे आणि ते अजून होस्टच्या ड्रायव्हरकडे आहे. ग्रुप ही वेगळं करता येण्याजोगी सर्वात लहान वाटणी असते. एका ग्रुपमधली उपकरणं आयओएमएमयूला न विचारता आपसात बोलू शकतात, म्हणून त्यातलं एक गेस्टला आणि दुसरं होस्टला देणं सुरक्षित नसतं. पीसीआय ब्रिज ग्रुपमध्ये असेल तर त्याची काळजी नको. बाकीची उपकरणं मात्र सगळीच व्हीएफआयओकडे जायला हवीत.

उपाय स्वस्तापासून सुरू करा. कार्ड दुसऱ्या स्लॉटमध्ये लावा. सीपीयूला थेट जोडलेल्या स्लॉटचे ग्रुप बहुधा चिपसेटमागच्या स्लॉटपेक्षा सुटे असतात. त्यानंतर बायोस अपडेट, आणि बायोसमध्ये 'एसीएस' (उपकरणांचं आपसातलं बोलणं अडवणारी पीसीआयची सोय) चालू करायची सोय आहे का ते बघणं.

'एसीएस ओव्हरराइड' हा उपाय तुम्हाला ठिकठिकाणी सुचवलेला सापडेल. मूळ लिनक्स कर्नलमध्ये तो स्वीकारलेला नाही. प्रॉक्समॉक्सच्या कर्नलमध्ये मिळतो. तो हार्डवेअरमध्ये काहीच बदलत नाही. उपकरणं वेगळी आहेत असं कर्नलला नुसतं सांगतो, ती खरोखर वेगळी असोत वा नसोत. घरच्या प्रयोगाच्या मशीनवर ठीक आहे. पण हॉटेलच्या पाहुण्यांचं नेटवर्क सांभाळणारी फायरवॉल किंवा दुसऱ्या कुणाचा डेटा ठेवणारं मशीन असेल, तर मी तो लावत नाही. दुसरा बोर्ड घ्यायला सांगतो. 'अलाव अनसेफ इंटरप्ट्स'बद्दलही माझं मत हेच आहे. होस्टवर इंटरप्ट रीमॅपिंग (कार्डाकडून सीपीयूला जाणारे इशारे तपासून पुढे पाठवणं) नसेल तर गेस्ट बनावट इंटरप्ट पाठवू शकतो, आणि हे सेटिंग त्या धोक्याकडे डोळेझाक करायला सांगतं.

तपासणी ६: दुसऱ्यांदा न उठणारं कार्ड

व्हीएम बंद झाल्यावर कार्ड मूळ स्थितीत आणावं लागतं. त्यासाठी कार्डाला 'एफएलआर', म्हणजे फक्त त्याच फंक्शनचा रीसेट, येत असेल तर उत्तम. नसेल तर अख्ख्या बसचा रीसेट लागतो, आणि त्या बसवर दुसरंही काही असेल तर तोही जमत नाही. एएमडीच्या पोलारिस, व्हेगा आणि पहिल्या नावी पिढीच्या ग्राफिक्स कार्डांची ही जुनी दुखरी बाजू आहे. त्यांच्यासाठी 'व्हेंडर-रीसेट' नावाचं वेगळं मॉड्यूल आहे. 'डी३ कोल्ड'मधून 'डी०'मध्ये येता आलं नाही असा संदेश असेल तर व्हीएफआयओ-पीसीआयला 'डिसेबल आयडल डी३' हे १ करून पाहा, म्हणजे रिकामं कार्ड झोपवलं जाणार नाही.

समुद्राजवळच्या जागी याच टप्प्यावर कार्ड काढून त्याचे सोनेरी संपर्क बघा. खारट, दमट हवेने ते काळवंडतात. वीज पूर्ण काढून, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, सुकवून परत बसवा. स्लॉटमध्येच हिरवट गंज असेल तर खरवडू नका.

व्हीआयओएमएमयूचा थर

होस्ट ठीक आहे आणि व्हीआयओएमएमयू लावल्यावरच बिघडतं, एवढं पक्कं झाल्यावरच इथे या. चुका ठरावीक असतात.

मशीनचा प्रकार 'क्यू३५' हवा. जुन्या 'आय४४०एफएक्स'वर इंटेलचा व्हीआयओएमएमयू लागत नाही. गेस्टच्या कर्नलमध्ये 'इंटेल आयओएमएमयू ऑन' लिहावं लागतं, तेही होस्ट एएमडीचा असला तरी, कारण गेस्टला दिसणारं आयओएमएमयू उपकरण इंटेलच्या नमुन्याचं असतं. एएमडी होस्टवाले बरेच जण इथेच अडकतात.

'कॅशिंग मोड' चालू हवा. हे नसेल तर क्यूईएमयू स्पष्ट नकार देतं, आणि त्याला कारण आहे. गेस्टने नकाशात नवी नोंद केली की क्यूईएमयूला ती कळायला हवी, तरच ती खऱ्या आयओएमएमयूत उतरेल. खऱ्या हार्डवेअरवर नवी नोंद कुणाला कळवावी लागत नाही, फक्त जुनी पुसताना कळवतात. कॅशिंग मोडमध्ये गेस्ट नवी नोंदही कळवतो. नुसत्या व्हर्च्युअल उपकरणांना याची गरज नसते, म्हणून पासथ्रू कार्ड जोडेपर्यंत चूक लक्षात येत नाही.

गेस्टच्या आत पुन्हा व्हीएफआयओ वापरायचा असेल तर 'इंट्रीमॅप' (गेस्टसाठीचं इंटरप्ट रीमॅपिंग) चालू करा, आणि त्याच्यासोबत 'कर्नल आयआरक्यूचिप' हे 'स्प्लिट' ठेवा. लिबव्हर्टमध्ये (व्हीएम सांभाळणाऱ्या साधनात) याच कामासाठी आयओएपिकचा ड्रायव्हर 'क्यूईएमयू' असा लिहितात. क्यूईएमयू हाताने चालवत असाल तर आयओएमएमयूचं उपकरण आज्ञेत पासथ्रू कार्डाच्या आधी आलं पाहिजे.

आता ते तीन आकडे.

उणे १२ म्हणजे मेमरी बांधून ठेवायची मर्यादा संपली. पासथ्रू असलेल्या गेस्टची सगळी रॅम होस्टला जागेवर खिळवून ठेवावी लागते, कारण कार्ड कधीही कुठेही लिहू शकतं. त्यामुळे बलूनिंगचाही (गेस्टची रॅम गरजेप्रमाणे परत घेण्याचा) उपयोग होत नाही. व्हीआयओएमएमयू असला की प्रत्येक कार्डाचा पत्त्यांचा अवकाश वेगळा धरला जातो आणि तीच रॅम प्रत्येक कार्डाच्या नावावर पुन्हा मोजली जाते. १६ जीबीचा गेस्ट आणि दोन कार्डं असतील तर मर्यादा ३२ जीबीहून थोडी जास्त ठेवावी लागते. रॅम खर्च होते १६ जीबीच. मेमलॉकची मर्यादा वाढवा, रॅम विकत आणायला पणजीला धावू नका.

उणे २२ बहुतेक वेळा पत्त्याच्या रुंदीमुळे येतो. इंटेलच्या घरगुती वर्गातल्या काही प्रोसेसरांचा आयओएमएमयू ३९ बिटांपर्यंतच पत्ते हाताळतो, म्हणजे ५१२ जीबीपर्यंत. सीपीयू मात्र त्याहून रुंद पत्ते दाखवतो. नवं ओव्हीएमएफ (व्हीएमचं यूईएफआय फर्मवेअर) सीपीयूकडे बघून कार्डाचे मोठे मेमरी-भाग पार वर नेऊन ठेवतं, आणि आयओएमएमयूचा हात तिथे पोचत नाही. गेस्टच्या सीपीयूची भौतिक पत्त्याची मर्यादा ३९ बिटांवर आणा. हा दोष व्हीआयओएमएमयूशिवायही दिसू शकतो.

उणे २८ म्हणजे नोंदींची जागा संपली. होस्टचा व्हीएफआयओ एका कंटेनरमध्ये मुळात ६५,५३५ नोंदी ठेवू देतो. गेस्टने ४ केबीच्या पानांनी नकाशा भरला तर त्यात जेमतेम २५६ एमबी मावतात. २ एमबीची मोठी पानं वापरली तर साधारण १२८ जीबी. म्हणून आधी गेस्टमध्ये ह्यूजपेजेस लावा. तरीही पुरलं नाही तरच 'डीएमए एंट्री लिमिट' वाढवा.

वेग कोसळण्याचं कारणही याच्या जवळपासच आहे. कॅशिंग मोडमध्ये प्रत्येक नवी नोंद म्हणजे गेस्ट थांबवून क्यूईएमयूत फेरी. नेटवर्क ड्रायव्हर बफरमागून बफर जोडत-सोडत असतो, त्यामुळे या फेऱ्यांचा पाऊसच पडतो. गेस्टच्या कर्नलला 'आयओएमएमयू पीटी' द्या. मग गेस्ट स्वतः वापरत असलेल्या कार्डांसाठी नकाशा एकदाच बनतो, आणि आतल्या व्हीएमला किंवा डीपीडीकेला दिलेली कार्डं मात्र वेगळीच राहतात.

एक दुर्मीळ पण डोकं पिकवणारा प्रकार आहे. होस्टवर एकाच ग्रुपमधली दोन उपकरणं गेस्टला दिली की 'ग्रुप यूज्ड इन मल्टिपल अ‍ॅड्रेस स्पेसेस' असा संदेश येतो. होस्ट त्यांना वेगळं करू शकत नाही आणि गेस्टमध्ये तुम्ही वेगळं केलेलं असतं. गेस्टमध्ये दोघांना एकाच पीसीआयई-ते-पीसीआय ब्रिजमागे ठेवा, म्हणजे तिथेही ती एकाच अवकाशात येतील.

कुठे थांबायचं

डिस्क कंट्रोलर पासथ्रू आहे आणि बॅकअप नाही, तर पहिल्याच तपासणीआधी थांबा.

'आरएमआरआर रिक्वायरमेंट' असा संदेश आला तर बायोसने त्या उपकरणासाठी मेमरीचा तुकडा स्वतःकडे राखून ठेवला आहे. काही सर्व्हरांवर हे असतं. सुटका सर्व्हर बनवणाऱ्याच्या फर्मवेअरमध्येच असते. कर्नलमध्ये ती तपासणी काढून टाकणारे पॅच चालू कामाच्या मशीनवर लावू नका, सर्व्हरच्या सपोर्टला कळवा.

कार्ड दुसऱ्या मशीनमध्ये व्यवस्थित चालतं, तुमच्या मशीनमध्ये दुसरं चांगलं कार्ड लावूनही फॉल्ट येतच राहतात, तर दोष स्लॉटमध्ये किंवा बोर्डावर आहे. गंजलेला स्लॉट, जळका वास, वीज कडाडल्यानंतर सुरू झालेले फॉल्ट, यांपैकी काहीही असलं तर मशीन बंद करून हार्डवेअर दुरुस्ती करणाऱ्याकडे द्या. अर्थिंग आणि यूपीएस तपासायला इलेक्ट्रिशियनही बोलवा, नाहीतर नवीन बोर्डही त्याच वाटेने जाईल.

तंत्रज्ञाला फोन करण्याआधी बोर्डाचं मॉडेल, बायोसची आवृत्ती, कर्नलची आवृत्ती, 'सीएमडीलाइन' फाइलीतली ओळ, ग्रुपची यादी, बूटपासूनचा पूर्ण डीमेसेज आणि व्हीएमचं कॉन्फिगरेशन एका फाइलीत जमा करा. डीमेसेज रीबूट करण्याआधी काढा; रीबूटनंतर त्या फॉल्टच्या ओळी त्यात उरत नाहीत.